गीता १०.३४-३५ : नाव नेमकं कुणासाठी ठेवायचं?



काल विभूतियोगात आपण 'अक्षरांमध्ये अकार मी' या श्लोकापाशी थांबलो होतो. आज दोन श्लोक एकत्र घेतोय, कारण गेले दहा दिवस आमच्या घरात जो विषय चाललाय तो नेमका या दोन श्लोकांच्या मधोमध येऊन बसतो.

चौतिसाव्या श्लोकाची सुरुवात मृत्यूने होते. सगळं हरण करणारा मृत्यू मी, आणि पुढे जे जे जन्माला येणार त्याचा उगमही मी, असं भगवंत म्हणतात. आणि लगेच त्याच श्लोकात स्त्रियांकडे वळतात. कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती, क्षमा. सात नावं. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या नेमप्लेटा वाचा, यातली निम्मी तरी सापडतील. मजा बघा, 'स्त्रियांमध्ये मी सीता' किंवा 'मी द्रौपदी' असं ते म्हणत नाहीत. एक श्री सोडली, तिला आपण लक्ष्मी म्हणतो, तर बाकीचे सरळ सरळ गुण आहेत. आठवण ठेवणं, धीर धरणं, माफ करणं. ज्या श्लोकात जन्माचा उगम आहे त्याच श्लोकात मुलींची नावं यावीत, याचं मला दरवेळी अप्रूप वाटतं. टीकाकारांनी या जोडीचा काय अर्थ लावला ते बाजूला ठेवू. बाप-आईंना मात्र तो श्लोक जरा वेगळाच ऐकू येतो.

आता विषय. माझा मावसभाऊ आणि वहिनी डब्लिनला असतात, दोघंही आमच्याच धंद्यातले, म्हणजे सॉफ्टवेअरवाले. त्यांना मुलगी झाली. आणि त्यांनी मनात नाव धरलं, कीवा. जुनं आयरिश नाव आहे. इंग्रजी अक्षरांत लिहितात सी ए ओ आय एम एच ई, आणि उच्चार कीवा. एम-एच मिळून 'व' होतो, ही आयरिश लिपीची रीत. अर्थ फार गोड: मृदू, लाडकी, जपून ठेवावी अशी. तिकडे हे नाव सर्रास चालतं, पण आमच्या सेनगाव तालुक्यात या नावाची मुलगी याआधी झाली नसावी, एवढं मी खात्रीने सांगतो.

भावाचं म्हणणं साधं होतं. मुलगी तिथे वाढणार, तिथल्या शाळेत जाणार. आपली नावं तिकडे रोज चावली जातात, तिचं तरी नीट घेतलं जावं. शिवाय त्या लोकांनी आपली भाषा इंग्रजांच्या राज्यात जवळजवळ गमावली होती, आणि आता ते अभिमानाने मुलांना जुनी नावं परत देतायत. 'सीर्शा' म्हणजे स्वातंत्र्य, हे मुलीचं नाव म्हणून विसाव्या शतकातच रूढ झालं. आपल्याकडे स्वराज, क्रांती अशी नावं आली तसंच. "दादा, यात वाईट काय?" असं त्याने मला विचारलं.

मावशीचं म्हणणं त्याहून साधं. "त्यात देव कुठंय?"

मावशी काही अडाणीपणाने बोलत नाही. तिच्या मागे भागवताचा सहावा स्कंध उभा आहे. अजामिळाची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. भरकटलेला माणूस, दहा मुलं, धाकट्याचं नाव नारायण. मरताना यमदूत दिसले तेव्हा घाबरून त्याने पोराला हाक मारली, आणि विष्णुदूत धावत आले. हाक देवाला नव्हती, पोराला होती. तरी पोचली. आपल्या आज्या-पणज्यांनी घरोघरी राम, गोविंद, रुक्मिणी भरून ठेवल्या त्यामागे हे गणित आहे. दिवसातून पन्नास वेळा पोराला जेवायला बोलवायचं, तर तेवढ्यात नामस्मरण पण होऊन जाऊ दे! मावशीचा प्रश्न असा की कीवाला हाक मारली तर धावत कोण येणार?

मला हा प्रश्न टाळायचा नाही. पण दहाव्या अध्यायात बसून त्याचं उत्तर शोधलं तर ते मावशीच्या बाजूने पडत नाही. याच अध्यायात पुढे एक्केचाळिसाव्या श्लोकात भगवंत सांगतात की जे जे ऐश्वर्याचं, शोभेचं, तेजाचं दिसेल ते माझ्याच तेजाच्या अंशातून आलेलं समज. तिथे भाषेची अट नाही. मृदुपणा हा गुण क्षमेच्या शेजारी राहतो. तो संस्कृतमध्ये उच्चारला तर विभूती आणि आयरिशमध्ये उच्चारला तर नाही, असं म्हणायला गीतेत कुठे जागा दिसत नाही.

आता पस्तिसावा श्लोक. सामांमध्ये बृहत्साम मी, छंदांमध्ये गायत्री, महिन्यांमध्ये मार्गशीर्ष, ऋतूंमध्ये वसंत. यातला 'बृहत्' शब्द धरून ठेवा. बृहत् म्हणजे मोठं, उंच. त्याचं स्त्रीलिंगी रूप बृहती. आयर्लंडमध्ये ब्रिजिड नावाची एक प्राचीन देवी आहे, काव्याची आणि वैद्यकाची. पुढे ख्रिस्ती काळात त्याच नावाच्या किल्डेअरच्या संत ब्रिजिड झाल्या. १ फेब्रुवारी हा त्यांचा दिवस, आणि २०२३ पासून तिकडे त्या निमित्ताने सरकारी सुट्टीही मिळते. हे ब्रिजिड नाव ज्या जुन्या केल्टिक शब्दावरून आलं, 'ब्रिगन्ती', तो आणि आपला 'बृहती' हे भाषाशास्त्राच्या हिशेबाने एकाच मुळाचे. अर्थही तोच, उंच असलेली, थोर. म्हणजे डब्लिनमध्ये एखादी आजी नातीला ब्रिजिड म्हणून हाक मारते तेव्हा ती नकळत पस्तिसाव्या श्लोकातल्या पहिल्या शब्दाच्या बहिणीला हाक मारत असते.

थांबा, लगेच फॉरवर्ड करू नका. याचा अर्थ 'सगळ्या भाषा संस्कृतमधून निघाल्या' असा होत नाही. १७८६ मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं मूळ एकच असावं आणि ते मूळ आता कदाचित उरलंही नसेल असं मांडलं, आणि केल्टिकलाही त्याच कुळात धरायला हरकत नाही असं सुचवलं. पुढच्या अभ्यासाने ते पक्कं झालं. संस्कृत आणि आयरिश ही आई-लेक नव्हेत, लांबच्या बहिणी आहेत, आणि आई कधीच गेली. आणि प्रत्येक सारखा आवाज म्हणजे नातंही नसतं. आयर्लंडमध्ये तारा नावाची टेकडी आहे, जुन्या राजांची जागा, त्यावरून मुलींनाही तारा म्हणतात. आपली तारा वेगळी, तिची तारा वेगळी. त्या टेकडीचं मूळ आयरिश नाव ऐकलंत तर तारा आठवणारही नाही. भक्तीच्या उत्साहात एवढा हिशेब तरी सांभाळावा, नाहीतर आपल्या श्रद्धेला खोट्या पुराव्यांची सवय लागते.

तर 'परकं' हा आक्षेप मला पटत नाही. तरीही मी भावाला हे नाव ठेव असं म्हणालो नाही. आणि तिथेच खरी गोष्ट सुरू होते.

कीवा. मराठीत कीव. हिंगोलीत कीव येणे म्हणजे काय ते सांगायला नको. पोरगी दर मे महिन्यात गावी येणार, अंगणात वीस पोरं असणार, आणि त्यातलं एखादं टारगट पोर पहिल्याच दिवशी 'कीव आली, कीव आली' म्हणून सुरू होणार. भाऊ म्हणाला, "पंधरा दिवसांचा प्रश्न आहे रे." असेल. पण नाव हे अर्थकोशात राहत नाही, लोकांच्या तोंडात राहतं. ज्याचं नाव असतं तो ते स्वतः फार कमी वेळा उच्चारतो. बाकी सगळं जग उच्चारतं.

साताऱ्याचं आठवतं का? २०११ चा ऑक्टोबर. जिल्ह्यातल्या २८५ मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलली गेली. त्या सगळ्यांचं नाव एकच होतं, नकुशी किंवा नकोशी. घरात आधीच मुली, आता ही पण मुलगीच, पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून ठेवलेलं नाव. काहींनी स्वतःच नवीन नाव निवडलं. कुणी वैशाली झाली, कुणी सिनेतारकेवरून ऐश्वर्या. मी त्या बातम्या वाचल्या तेव्हा कॉलेज संपवून नुकताच नोकरीला लागलो होतो, आणि मला एवढंच दिसलं होतं की केवढा अन्याय. आज, घरात बारशाची चर्चा चालू असताना, त्यात आणखी एक दिसतं. नकुशी हे नाव त्या मुलीबद्दल काहीच सांगत नव्हतं. ते आई-बापांबद्दल सांगत होतं, त्यांना काय हवं होतं आणि काय मिळालं नाही. ती मुलगी फक्त त्या वाक्याचा कागद होती.

शहरात आपण नकुशी ठेवत नाही, हे देवाचे उपकार. पण आपणही मुलांच्या अंगावर स्वतःबद्दलची वाक्यं लिहितोच. आम्ही वेगळे आहोत. आम्ही वाचतो. आम्ही परदेशात आहोत. किंवा उलट, आम्ही परदेशात असूनही किती संस्कारी आहोत बघा, संस्कृत कोश धुंडाळून असं नाव काढलंय की भटजीबुवाही अडखळतील! दोन्हीकडे एकच गोष्ट होते. आयरिश नाव ठेवण्यात जितका दिखावा असू शकतो तितकाच वैदिक नाव ठेवण्यातही असू शकतो, आणि खरं सांगायचं तर आपल्या पिढीत मला दुसरा जास्त दिसतो.

कुणीतरी म्हणेल, शास्त्र काय सांगतं ते बघा ना. बघितलं. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुलीच्या नावाबद्दल नियम आहे: सहज उच्चारता यावं, कठोर नसावं, अर्थ स्पष्ट असावा, मनाला गोड वाटावं, शेवट दीर्घ स्वराने व्हावा. ऐकायला किती छान. पण त्याच्याच अलीकडे लिहिलंय की शूद्राचं नाव तुच्छता दाखवणारं असावं. हा नियम मी मानत नाही, आणि ज्या पानावर तो आहे त्या पानावरचा शेजारचा गोड नियम 'शास्त्राज्ञा' म्हणून भावाला पाठवायला माझा हात धजावत नाही. सहज उच्चारता यावं हे मला पटतं, पण ते पटायला मनूची गरज नाही, मावशी पुरेशी आहे.

मावशीवरूनच पुढचं. परवा व्हिडिओ कॉलवर तिने शेवटी विचारलं, "बरं त्याचा अर्थ तरी काय होतो?" वहिनीने सांगितलं, मऊ, लाडकी, जपून ठेवावी अशी. मावशी दोन क्षण गप्प, आणि मग, "मग लाडी म्हणा की!"

आम्ही सगळे हसलो. पण मला एकदम नामदेवरायांचं घर आठवलं. नर्सी आमच्यापासून लांब नाही, कयाधूच्या काठी, परंपरेने नामदेवांचं जन्मगाव. साल १२७०. त्या घरातली नावं कधी ओळीने म्हणून बघा. मुलगे चार: नारा, विठा, गोंदा, महादा. नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव, चौघंही देवाचे, अजामिळाचं गणित पक्कं. सुना चार: लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. लाड, गोडवा, साखर. मुलगी लिंबाई. बायको राजाई. आई गोणाई. बहीण आऊबाई. ज्या घराइतकं नाम महाराष्ट्रात कुणी घेतलं नसेल, त्या घरातल्या बायकांच्या नावात देव शोधायला बसलात तर दमून जाल. नामदेवांच्या अंगणात रोज 'लाडाई' आणि 'लिंबाई' अशाच हाका ऐकू येत असणार. आणि याच लाडाई-गोडाईच्या नावावरही परंपरेत अभंग आहेत. देव त्यांच्या नावात नव्हता, तोंडात होता.

हे मी मावशीला सांगितलं. ती म्हणाली, ते संत होते बाबा. हे उत्तर मराठवाड्यात कुठल्याही वादात चालतं.

पण कयाधूचंच घ्या. आमच्या हिंगोलीची नदी, रोज तोंडात असलेलं नाव. पुराणात कयाधू ही हिरण्यकशिपूची बायको, प्रल्हादाची आई. असुराच्या घरातली. ती गरोदर असताना नारदांनी तिला जे सांगितलं ते पोटातल्या प्रल्हादाने ऐकलं, असं भागवताच्या सातव्या स्कंधात येतं. आमच्या गावाकडे मी या नावाची एकही मुलगी पाहिली नाही. नदीला चालतं, मुलीला नाही. म्हणजे 'आपलं' आणि 'परकं' हे आपण नावाच्या उगमावरून ठरवत नाही, कानाच्या सवयीवरून ठरवतो. निवेदिता हे नाव बघा ना, किती मराठी घरात रुळलंय. ज्या बाईमुळे ते देशभर पोचलं ती आयर्लंडची. मार्गारेट नोबल, जन्म १८६७, डंगॅनन गावचा. २५ मार्च १८९८ ला विवेकानंदांनी तिला हे नाव दिलं. तिच्या घरच्यांना हे नाव जिभेवर आणताना काय वाटलं असेल? नेमकं तेच, जे आज मावशीला वाटतंय. फरक मोठा एकच. मार्गारेट तीस वर्षांची होती. तिने स्वतः मागून, समजून ते नाव घेतलं, आणि तरीही जवळच्या मैत्रिणीला पत्र लिहिताना ती खाली मार्गो अशीच सही करत राहिली. आमच्या डब्लिनच्या बाईसाहेब अजून साडेतीन किलोच्या आहेत. त्यांना कुणी विचारलेलं नाही आणि विचारता येणारही नाही.

मला वाटतं नैतिक प्रश्न इथे आहे. देशी की विदेशी हा नाहीच. आपण एका माणसावर, त्याची संमती न घेता, त्याला जन्मभर पुरणारी गोष्ट लादतोय. दुसरा उपायही नाही, बिननावाचं ठेवता येत नाही. मग निदान असं द्यावं की जे तिला पुढे हलकं करता येईल. ज्यात तिला आपलं असं काही भरता येईल. आणि ज्यांच्या मांडीवर ती वाढणार त्यांच्या जिभेला ते जखम करणार नाही.

परंपरेने यावर एक वाट आधीच काढून ठेवलीय. नामकरणात चार नावं सांगितली आहेत: कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. २७ नक्षत्रं, प्रत्येकी चार चरण, मिळून १०८ अक्षरं, त्यातलं एक तुमच्या वाट्याला. (आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ' येतं. त्या मुलांचं काय करायचं हे आमच्या गुरुजींनाही अजून सुटलेलं नाही.) भाऊ यावर खूश झाला. पासपोर्टवर कीवा, पाळण्यात दुसरं काही. मला सुरुवातीला ही पळवाट वाटली. आजीसाठी एक मुलगी, शाळेसाठी दुसरी, असं काहीतरी होईल. नंतर तेवढं वाटेना. आपण ज्याचं सहस्रनाम म्हणतो त्याला हजार नावं आहेत आणि तो एकच आहे. भीष्मांनी युधिष्ठिराला ती सांगताना 'यातलं अधिकृत कुठलं?' असं युधिष्ठिराने विचारलं नाही. कोड लिहिणाऱ्यांना तर हे रोजचं आहे, एकाच वस्तूला चार ठिकाणी चार नावं, वस्तू जागेवर.

पण इथेही एक गाठ आहे, ती उकलल्याशिवाय पुढे जाववत नाही. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालक श्वेतकेतूला मातीचं उदाहरण देतो: मडकं, परळ, ही सगळी बोलण्यापुरती नावं, खरी ती माती. म्हणजे नाव फार मनावर घेऊ नको. आणि आपले संत म्हणतात नावच सगळं. दोघांपैकी कोण बरोबर? मला उमगलेलं असं: मडक्याचं नाव आपण ठेवलेलं असतं, देवाचं नाव आपल्याला मिळालेलं असतं. पहिलं सोयीचं, दुसऱ्यात तो स्वतःच राहतो. बाळाचं नाव या दोन्हीच्या मध्ये कुठेतरी असतं. बारशाच्या दिवशी आत्या कानात सांगते तेव्हा ते मडक्याच्या नावासारखं असतं, कुठलंही चाललं असतं. वीस वर्षांनी आई दारातून हाक मारते तेव्हा तसं राहत नाही. मधल्या वीस वर्षांत कुणीतरी प्रेमाने घासून घासून त्याला वेगळं करून टाकलेलं असतं.

म्हणून मी भावाला सांगितलं ते असं. कीवा नको. आयरिश आहे म्हणून नाही. ज्या आवाजाने अर्ध्या घराला दया आठवते, त्याला प्रेमाने घासायला मावशीला आयुष्य पुरणार नाही, आणि ती आता सत्तरीत आहे. ब्रिजिड चालेल का विचार कर, मी तिला बृहती म्हणेन. नीव हेही आयरिश आहे, अर्थ तेजस्वी, मावशीला येईल म्हणता. नाहीतर मेधा, धृती आहेतच, आणि तिकडच्या मुलांना 'धृ' म्हणायला शिकवायची जबाबदारी तुझी. तो म्हणाला, "दादा, तू पण शेवटी आईच्याच बाजूचा." मी म्हणालो, ज्याला हाक मारायची आहे त्याच्या बाजूचा. यावर तो गप्प बसला. पटला म्हणून की रात्र झाली म्हणून, सांगता येत नाही. आयर्लंडमध्ये जन्म नोंदवायला तीन महिने मिळतात. अजून वेळ आहे. मावशी तोवर लाडीच म्हणतेय, आणि बाळ त्याला हुंकार देतंय असं तिचं ठाम मत आहे.

तुमच्या घरात अशी हाक मारायची आणि कागदावरची नावं वेगळी असतील तर जरूर कळवा. उद्या छत्तिसावा श्लोक. त्यात भगवंत चक्क जुगाराबद्दल बोलतात, तेव्हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांनी अवश्य यावं.

राम कृष्ण हरी.